शंभर टक्के म्हणजे नक्की कशाचे शंभर?

मोबाइल हातात असेलच, तर एक काम करा. स्क्रीनच्या अगदी वरची बारीक पट्टी बघा. घड्याळ, नेटवर्कच्या काड्या, बॅटरी. दिवसातून शंभरदा आपली नजर तिच्यावर जाते. पण तिथे काय दिसावं हे बहुतेक कंपनीनेच ठरवलेलं असतं. आपल्याला दोन-चार बटणं चालू-बंद करता येतात, बस्स.

आज अशाच एका पट्टीबद्दल बोलायचंय, पण लिनक्सवरच्या. ती पूर्ण आपल्या हातात असते.

मी शहाद्याचा. घरी एक सेकंडहँड लॅपटॉप आहे, चार जीबी रॅमचा. जड डेस्कटॉप टाकला की तो धापा टाकतो, म्हणून मी त्यावर आयथ्री वापरतो. हा टाइलिंग विंडो मॅनेजर आहे. म्हणजे काय? घरात फरशा कशा बसवतात, एकीला लागून दुसरी, एकावर एक नाही, तशाच खिडक्या बसतात. डावीकडे ब्राउझर, उजवीकडे फाइल्स. माउसने ओढाओढ नाही, सगळं कीबोर्डवर. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये तो आणला आणि जुन्या मशीनवर तो आजही सुरळीत चालतो.

यात स्टार्ट मेन्यू नाही, आयकॉन नाहीत. असते ती फक्त एक पट्टी. ती दाखवतो आयथ्रीबार, आणि तिच्यात मजकूर भरतो आयथ्रीस्टेटस नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याची सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. मूळ फाइल ईटीसी फोल्डरमध्ये सापडते. ती आपल्या होममधल्या डॉट कॉन्फिगमध्ये, आयथ्रीस्टेटस नावाच्या फोल्डरात, कॉन्फिग नावाने कॉपी करायची आणि मग तिच्यात हवे ते बदल करायचे.

त्या फाइलमध्ये आधीच आठ गोष्टी असतात: आयपीव्ही सिक्स, वायफाय, केबलचं नेट, बॅटरी, डिस्क, लोड, मेमरी आणि घड्याळ. नवीन माणूस काय करतो? यूट्यूबवर कुणाची रंगीबेरंगी पट्टी बघतो आणि आणखी आठ घालतो. गाणं कोणतं चाललंय, प्रोसेसर किती गरम, बाहेर हवामान काय. दिसायला भारी दिसतं, पण दोन दिवसांनी डोळा त्यातलं काहीच वाचत नाही.

माझा नियम एकच. प्रत्येक आकड्याला विचारायचं: बाबा रे, तू बदललास तर मी काही वेगळं करीन का? उत्तर नाही असेल तर ओळ काढून टाकायची. लोडचा आकडा बघून मी आजवर काही केलेलं नाही. गेला. आयपीव्ही सिक्स, गेला. उरल्या तीन गोष्टी: बॅटरी, आज किती नेट खाल्लं, आणि वार-तारीख-वेळ. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. माझा दिवस या दोन गोष्टींवर अडतो, तर पट्टीवर त्याच दिसायला हव्यात.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. बॅटरीचा टक्का.

तुमचा फोन चार्ज झाला की शंभर टक्के दाखवतो. पण ते कशाचे शंभर? बॅटरी जुनी होते तशी तिची साठवण कमी होते. नवीन असताना घागरभर पाणी मावत होतं, आता अर्धी घागर मावते. तरी ती अर्धी भरली की फोन म्हणतो, शंभर टक्के. खोटं नाही म्हणता येणार, पण त्याने माप गुपचूप बदललेलं असतं.

आयथ्रीस्टेटस उलट वागतो. तो टक्का काढतो कारखान्यातून निघालेल्या नव्या बॅटरीच्या क्षमतेवर. त्यामुळे माझा लॅपटॉप पूर्ण चार्ज झाला तरी पट्टीवर ४६ टक्के दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं काहीतरी. पण हे मुद्दाम केलेलं आहे. मॅन्युअलमध्ये लेखकाने लिहूनच ठेवलंय की बॅटरी किती झिजली हे कळावं म्हणून त्याला असंच आवडतं. नको असेल तर बॅटरीच्या भागात लास्ट अंडरस्कोर फुल अंडरस्कोर कपॅसिटी ही ओळ ट्रू करा, मग नेहमीसारखे शंभर दिसतील. माप निवडायचा हक्क तुमचा.

मी ती ओळ ट्रू केलेली नाही. का, ते सांगतो.

मागे मावसबहीण आली होती, धडगाव तालुक्यातून. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता, शेवटचा दिवस. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं आधार सुरू झालं. तेव्हापासून आधार आलं आणि हळूहळू प्रत्येक कामाचा फॉर्म ऑनलाइन गेला. पण ऑनलाइन जायला लाइट लागते, नेट लागतं. आम्ही बसलो आणि दहा मिनिटांत लाइट गेली. पट्टीवर ४१ टक्के, आणि शेजारी अंदाज, ४८ मिनिटं. ती म्हणाली, "दादा, आधी सगळी माहिती भरून घेऊ, मग दाखले चढवू." मी पट्टीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "नाही गं, आधी दाखले. उत्पन्नाचा, जातीचा. त्यालाच वेळ लागतो. बाकी वेळ आलीच तर मोबाइलवरूनही भरता येईल." दाखले चढले, फॉर्म गेला, आणि पावती डाउनलोड झाली तेव्हा बॅटरी लाल रंगात होती. समोर ९० टक्के दिसत असते तर आम्ही निवांत चहा घेत बसलो असतो.

हा लाल रंगही आपणच ठरवतो. लो अंडरस्कोर थ्रेशोल्ड म्हणून ओळ असते. मूळचा हिशोब मिनिटांचा, ३० मिनिटं उरली की लाल. मला हेच बरं वाटतं, कारण किती टक्के उरले यापेक्षा किती वेळ उरला हे कामाचं.

आता नेट. व्हीएनस्टॅट नावाचा प्रोग्रॅम टाका. तो रोजचा वापर लिहून ठेवतो, मशीन बंद करून चालू केलं तरी हिशोब जात नाही. एक छोटी स्क्रिप्ट त्यातला आजचा आकडा काढून एका फाइलमध्ये टाकते, आणि आयथ्रीस्टेटसमधला रीड फाइल हा भाग ती फाइल पट्टीवर दाखवतो. एक लक्षात ठेवा, हा हिशोब फक्त लॅपटॉपचा. फोनवर तुम्ही रील्स बघत असाल तर ते यात येत नाही. म्हणून मी तिथे "उरलं" असं न लिहिता "लॅपटॉपने खाल्लं" असं लिहिलंय. जे मोजलंय तेच नाव द्यायचं.

हो, मराठीतच लिहिलंय. इथे थोडं सांभाळून. आयथ्रीबार अक्षरं काढायला पँगो वापरतो, त्यामुळे मराठी नीट दिसते. वेबारवरही नीट दिसते. पण पॉलीबार किंवा डीडब्ल्यूएमची साधी पट्टी घेतलीत तर अक्षरं एकेक सुटी काढली जातात. मग "शनिवार"ची पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि "शुक्रवार"चा क्र मोडतो. दोष तुमच्या फाँटचा नसतो, पट्टीचा असतो. तासभर फाँट बदलत बसू नका.

आयथ्रीच्या बारच्या भागात फाँटच्या ओळीत पँगो, कोलन आणि फाँटचं नाव लिहायचं. मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त वापरतो, रेड हॅटचा लोहितही चांगला. दोन्ही फुकट आणि खुले. घड्याळाच्या भागात लोकेल म्हणून मराठी-भारत द्या की वार आणि महिना मराठीत येतो. आधी सिस्टीममध्ये ते लोकेल तयार केलेलं असलं पाहिजे. आकडे मात्र इंग्रजीच राहतात.

शेवटचं. घड्याळातले सेकंद काढा आणि इंटर्व्हल पाचवरून तीसवर न्या. म्हणजे प्रोग्रॅम दर अर्ध्या मिनिटाने जागा होतो, तेवढीच बॅटरीला विश्रांती. मग मॉड, शिफ्ट आणि आर दाबा. पट्टी नव्याने येते, उघडलेलं काही बंद होत नाही.

लिनक्स नसेल तरी गृहपाठ आहेच. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची झीज किंवा बॅटरी हेल्थ दिसते का बघा. सगळ्या फोनमध्ये नसते. दिसली तर तो आकडा आणि वरच्या पट्टीतले शंभर टक्के शेजारी ठेवून बघा, आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी त्यातल्या कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवाल ते ठरवा.

चला, भेटू पुढच्या भागात. लाइट असेपर्यंत चार्जिंगला लावून ठेवा!