जुनें यंत्र ठेवावें कीं टाकावें?

आजचा विषय प्रथमदर्शनीं यंत्रशास्त्राचा वाटेल. परंतु वस्तुतः तो गृहव्यवस्थेचा आहे. ज्या घरांत सात-आठ वर्षांपूर्वीं घेतलेला लॅपटॉप आहे, त्या घरांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो : विंडोज ११ ही नवी संचालनप्रणाली, जिला व्यवहारांत आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों, ती या जुन्या यंत्राला पेलेल काय? आणि न पेलल्यास यंत्र मोडींत काढावयाचें काय? मी यंत्रज्ञ नव्हे. माझें आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलें. पण प्रश्न पैशाचा, सुरक्षिततेचा आणि थोडासा तारतम्याचा असल्यामुळें एका निवृत्त शिक्षकानें त्यावर चार शब्द बोलल्यास तें अप्रस्तुत ठरूं नये.

प्रथम तारखा ध्यानांत घेऊं. विंडोज १० ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २९ जुलै २०१५ रोजीं प्रसृत केली. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारें कंपनीचें नियमित साहाय्य संपलें. या शेवटच्या वाक्याचा अर्थ पुष्कळांनीं विपरीत घेतला. त्या दिवशीं त्या कारणानें कोणाचाहि लॅपटॉप बंद पडला नाहीं, कोणाचे कागद नाहींसे झाले नाहींत. थांबली ती डागडुजी. प्रणाली म्हणजे लक्षावधि ओळींची रचना. तींत कोठें ना कोठें छिद्र राहतेंच. तें सांपडलें कीं कंपनी तें बुजवीत असे. आतां छिद्रें सांपडत राहतील. पण बुजविणारा गवंडी कामावरून गेला आहे.

हा धोका काल्पनिक नव्हे. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या विषाणूनें सुमारें दीडशें देशांतील संगणक ग्रासले. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचें कामहि अडलें. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मार्च महिन्यांतच निघाली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली नाहीं, ते सांपडले. विंडोज एक्सपीचें साहाय्य तर ८ एप्रिल २०१४ रोजींच संपलें होतें; त्यामुळें सामान्य एक्सपीधारकांना ती दुरुस्ती संकट ओढवल्यावर, अपवाद म्हणून मिळाली. पुढच्याच महिन्यांत नॉटपेट्या नांवाचा दुसरा विषाणु आला. त्यानें इतर मार्गांबरोबर याच छिद्राचाहि उपयोग केला, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें कामकाज विस्कळीत झालें. बंदराला जें भोगावें लागलें, तें ज्या संगणकावर आपण बँकेचा व्यवहार करतों त्याला भोगावें लागणार नाहीं, असें कोणी म्हणूं नये.

आतां मुख्य प्रश्न. नवी प्रणाली जुन्या यंत्राला कां नाकारते? मीरा रोड आणि भाईंदर येथील आम्हां लोकांना याचा दृष्टान्त लोकलगाडींतच सांपडतो. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर अनेक दशकें १,५०० व्होल्टचा एकदिश विद्युत्प्रवाह होता. तो बदलून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचें काम २०१२ सालीं चर्चगेटपर्यंत पूर्ण झालें. ज्या गाड्या केवळ पहिल्याच प्रवाहावर चालत, त्यांचीं चाकें आणि आसनें शाबूत असलीं, तरी वरच्या तारेंतील वीज घेण्याचें साधनच त्यांच्यांत नव्हतें. ज्या दोन्ही प्रवाहांवर चालतील अशा घडविल्या होत्या, त्यांना कसलीच अडचण आली नाहीं. लॅपटॉपचेंहि तसेंच आहे. प्रश्न यंत्राच्या वयाचा नसून त्याच्या अंगीं विवक्षित साधनें आहेत कीं नाहींत, याचा आहे.

हीं साधनें कोणतीं? चौसष्ट बिटांचा, निदान दोन गाभ्यांचा प्रोसेसर. ४ जीबी रॅम. ६४ जीबी सांठवण. सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होतांना आगंतुक प्रणाली आंत शिरूं न देणारी व्यवस्था. आणि टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी जणूं छोटी तिजोरी. याशिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादींत असावा लागतो. स्थूलमानानें इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढील आणि एएमडीचा रायझेन २००० मालिकेपासून पुढील बहुतेक प्रोसेसर त्या यादींत आहेत. खरेदीच्या पावतीवरील साल पाहून मात्र निर्णय करूं नये. २०१८ सालीं विकत घेतलेल्या यंत्रांतहि सातव्या पिढीचा प्रोसेसर असूं शकतो. आय ५-८२५० असें लिहिलेलें असेल, तर चार आंकड्यांतील पहिला ८ हा आंकडा पिढी दाखवितो, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. कंपनीची पीसी हेल्थ चेक नांवाची विनामूल्य चाचणी हेंच काम कांहीं क्षणांत करून देते.

ही चाचणी न करतां दिलेला निकाल किती महाग पडूं शकतो, याचें एक उदाहरण आमच्याच वसाहतींत घडलें. भाईंदरच्या एका कारखान्यांत स्टीलचीं भांडीं घडविणाऱ्या गृहस्थांची कन्या महाविद्यालयांत शिकते. तिचा लॅपटॉप एका दुकानदारानें, झांकणहि न उघडतां, “बाद” ठरविला आणि नव्याची किंमत सांगितली. मुलीच्या पुढील वर्षाच्या शुल्काकरितां सांठविलेली ठेव मोडण्याचा विचार वडिलांच्या मनांत आला. तितक्यांत शेजारच्या एका विद्यार्थ्यानें चाचणी लावून पाहिली. प्रोसेसर आठव्या पिढीचा होता, टीपीएमहि होतें, पण यंत्राच्या मूळ मांडणींत तें बंद ठेवलेलें होतें. तें चालू करतांच नवी प्रणाली विनामूल्य बसली. सावकाशपणा मात्र राहिला. तो जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्यावर आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केल्यावर गेला. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणले; खर्च नव्या यंत्राच्या लहानशा अंशाइतका झाला. ठेव वांचली, हें मुख्य.

पण प्रत्येक यंत्राचें नशीब असें नसतें. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कचेरींतील लॅपटॉपचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा निघाला. त्यावर रॅम वाढवून अथवा मांडणी बदलून उपयोग नव्हता. कांहीं चतुर लोक युक्तीनें अशा यंत्रावरहि नवी प्रणाली चढवितात; तथापि असल्या यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळण्याची हमी कंपनी देत नाहीं. ज्या लॅपटॉपवर साऱ्या सभासदांच्या देखभालखर्चाचे हिशेब आहेत, त्यावर असला प्रयोग करणें मला इष्ट वाटलें नाहीं, आणि तसें मीं सभेंत स्पष्ट सांगितलें.

अशा यंत्रांपुढें तीन मार्ग असतात. पहिला मुदतवाढीचा. घरगुती संगणकांकरितां विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीनें जाहीर केली; यंत्राची मांडणी तिच्या खात्यांत जतन केल्यास विनामूल्य, अन्यथा ३० डॉलर घेऊन. मुदतवाढ म्हणजे मुक्तता नव्हे. पण घाईनें कर्ज काढण्यापेक्षां ती बरी. दुसरा मार्ग प्रणालीच बदलण्याचा. फिनलंडचे लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सवर उभ्या असलेल्या उबंटू, मिंट इत्यादि प्रणाली विनामूल्य मिळतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि बॉस नांवाची अशीच प्रणाली तयार केली आहे. केरळांतील सरकारी शाळांनीं हा मार्ग केव्हांच पत्करला. पत्रलेखन, पुस्तकवाचन, मराठी टंकलेखन, बँकेचे व्यवहार हीं सर्व कामें तींत होतात. मात्र हिशेबाच्या कांहीं विशिष्ट प्रणाली आणि कांहीं छपाईयंत्रें तिच्याशीं जमवून घेत नाहींत. म्हणून आधीं पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी, मगच कायम करावी. तिसरा मार्ग यंत्र महाजालापासून तोडून केवळ लेखन-वाचनापुरतें वापरण्याचा. आमच्या संस्थेनें हिशेबाकरितां नवें यंत्र घेतलें, आणि जुन्यावर लिनक्स घालून तें वाचनालयांतील मुलांना दिलें. सभेंत मतभेद झाला, पण शेवटीं निर्णय एकमतानें झाला.

कोणताहि मार्ग घेतला, तरी एक नियम सर्वांना समान आहे : प्रणालीला हात लावण्यापूर्वीं आपलीं छायाचित्रें, कागदपत्रें आणि हिशेब यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. आईवडिलांचें एकुलतें छायाचित्र गेलें, तर तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

आणि यंत्र खरोखरच निकामी झालें असेल, तर तें भंगारवाल्याच्या गाडींत टाकूं नये. कॅनालिस या संस्थेनें डिसेंबर २०२३ मध्यें असा अंदाज केला होता, कीं या एका बदलामुळें जगांतील सुमारें २४ कोटि संगणक टाकाऊ ठरूं शकतील. त्यांत शिसें आहे, तसें तांबें आणि सोनेंहि आहे. उघड्यावर जाळल्यास पहिलें आपल्या श्वासांत येतें आणि दुसरें वायां जातें. आपल्या देशांत १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हां नोंदणीकृत संकलकाकडेच यंत्र द्यावें, आणि देण्यापूर्वीं आंतील डिस्क पूर्ण पुसावी किंवा काढून घ्यावी.

श्रोतेहो, आपल्या आजीनें तांब्याचें भांडें कलई गेली म्हणून फेंकलें नाहीं, आणि कलई गेलेल्या भांड्यांत ताकहि ठेवलें नाहीं. तिला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. तोच विवेक येथें पुरेसा आहे. “जुनें तें टाका” असें सांगणाऱ्याला विचारावें, चाचणी केलीत काय? आणि “कांहीं होत नाहीं” असें म्हणणाऱ्याला विचारावें, डागडुजी कोण करतो? या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत खिशांत हात घालण्याचें कारण नाहीं.