मिनर्व्हा आणि मार्स : एका ठशातील युद्ध व शांती

युद्ध आणि शांती यांना देवतांचे रूप देऊन चित्रात उभे करण्याची प्रथा युरोपात फार जुनी आहे. आगोस्तिनो कार्राच्ची याने १५८९ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला ठसा हा तिचा एक उत्तम नमुना होय. मूळ चित्र व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तो याचे. ते १५७८ च्या सुमारास तेथील राजप्रासादासाठी रंगविले गेले व आजही त्याच प्रासादात आहे.

प्रसंग साधा आहे. ज्ञानदेवता मिनर्व्हा रणदेव मार्स याला हाताने मागे लोटीत आहे आणि तिच्या आडोशाला शांती व समृद्धी या दोन स्त्रिया निर्धास्त आहेत. शांती स्वतः मार्सला अडवीत नाही, हे ध्यानी घ्यावे. अडविते ती मिनर्व्हा. आणि रोमन पुराणकथांत तीही शिरस्त्राण व भाला धारण करणारी. महिषासुरमर्दिनीच्या उपासकांना देवतेच्या हाती शस्त्र पाहून नवल वाटणार नाही. नवल आहे ते येथे शस्त्र चालत नाही याचे.

ठशाला रंगाचे साह्य नसते. कोरलेल्या रेषांत शाई भरावयाची, वरची पुसून काढावयाची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून फिरवावयाचा. मार्सचे लोखंडी चिलखत आणि शांतीची कोमल काया, दोन्ही त्याच काळ्या रेषेतून उमटतात. भेद केवळ तिच्या जाडीचा व वळणाचा. चित्र भिंतीवर राहिले, ठसे मात्र दूरदूर पोचले.

एक गोष्ट तेवढी त्यात कोरलेली नाही. १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी लढाईत व्हेनिस व त्याचे दोस्त तुर्कांवर विजयी झाले होते. तरीही १५७३ मध्ये व्हेनिसने दोस्तांना बाजूस सारून तह केला, सायप्रस बेटावरील हक्क सोडला आणि वर ३,००,००० ड्युकाट देण्याचे मान्य केले. व्यापारावर जगणाऱ्या नगराने शांती अक्षरशः विकत घेतली! गौरवचित्रात असला हिशेब मांडीत नाहीत, हे खरे. परंतु तो ठाऊक झाल्यावर मिनर्व्हाचा तो हात पुन्हा पाहावा. त्यात विजयाचा डौल नाही, लोटण्याचे श्रम आहेत. आणि मार्स चिलखतासह अजून चौकटीच्या आतच आहे.