जे मोजलं नाही, ते लिहू नका



मला विषय दिला होता 'शुश्रूषेची मूलतत्त्वं'. गोंदिया, भंडाऱ्याकडच्या मुली बऱ्याच आहेत, मराठीतच बोला, असंही प्राचार्यबाई म्हणाल्या. तयारी करून आले होते. पण नर्सिंग कॉलेजच्या फाटकातून आत शिरले आणि पाय वसतिगृहाकडेच वळले. आमच्या वेळी भिलाईच्या पोलाद कारखान्यात रात्री वितळलेला स्लॅग ओतला की त्या गॅलरीतून आभाळ तांबडं दिसायचं. नव्या मुली घाबरायच्या, मग सवय व्हायची.

सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात आमची पोस्टिंग असायची. केरळहून आलेल्या एक सिस्टर आम्हाला शिकवायच्या. चादरीचा कोपरा चुकला तर अख्खा पलंग पुन्हा करायला लावायच्या. ताप, नाडी, श्वासाच्या टीपीआर चार्टवर ओळीनं सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसला, की एवढंच विचारायच्या, "घड्याळ कुठंय?" मग स्वतः पलंगाशी उभ्या राहायच्या, नाडी बघत असल्यासारखं मनगट धरायच्या आणि पूर्ण १ मिनिट छातीची हालचाल मोजायच्या. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

मूलतत्त्वं तुमच्या पुस्तकात आहेत, प्राध्यापक ती उत्तम शिकवतात. मला एकच सांगायचंय. जे मोजलं नाही, ते लिहू नका.

भिलाईत भाजलेल्या पेशंटची शुश्रूषा तुम्हाला करावी लागणारच. ९ ऑक्टोबर २०१८ चा कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातला स्फोट इथं कोण विसरेल? वजन आणि भाजलेल्या भागाची टक्केवारी बघून पहिल्या २४ तासांचं सलाईन डॉक्टर ठरवतात. ते पुरतंय का, हे दर तासाची लघवी सांगते. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली व्हायला हवी. लघवीच्या युरोबॅगकडे न बघता मागच्या तासाचा आकडा खाली उतरवलात, तर मूत्रपिंड थकत असताना कागद सांगेल, सगळं ठीक आहे. डॉक्टर कागदावर विश्वास ठेवतील, कारण खाली तुमची सही आहे.

जे दिसलं, ऐकलं, तेही लिहा. १२ जून २०१४ च्या वायुगळतीत कारखान्यातली ६ माणसं गेली. ब्लास्ट फर्नेसच्या त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तात भिनला, तरी बोटाला लावलेला साधा पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन ९८ दाखवू शकतो. पेशंट म्हणतो, डोकं दुखतंय, गरगरतंय. मशीनचा आकडा लिहा, त्याचं म्हणणंही लिहा आणि लगेच डॉक्टरांना सांगा.

खरं लिहिण्याची सवय वॉर्डात लागत नाही, जर्नलच्या वहीत लागते. न केलेली प्रोसिजर मैत्रिणीच्या वहीतून उतरवलीत, की उद्या न घेतलेलं बीपी लिहायला हात कचरत नाही. वॉर्डात माणसं कमी असतात, ड्यूटी लांबते, हे मी जाणते. नाही जमलं तर 'घेतलं नाही' असं लिहा आणि हँडओव्हरमध्ये सांगा. ओरडा बसेल, बसू द्या. तरुण वयात खरं लिहिण्याची हिंमत आली, की ती जन्मभर पुरते.

पुढच्या रांगेत वॉर्डातल्या मावशी बसल्यात. मावशी, दर २ तासांनी पेशंटची कूस तुम्ही बदलता म्हणून पाठीला जखमा होत नाहीत. चार्टवर तुमचं नाव नसतं, म्हणून आज इथं तुमचे आभार मानते. मुलींनो, यांच्याकडून काम शिका.

पालकहो, तुमच्यातले कितीतरी जण कारखान्यात आहेत. मुलीला मार्क किती पडले, हे विचारण्याआधी विचारा, आज वहीत जे लिहिलंस ते खरंच केलंस का?

आणि मुलांनो, उद्या सकाळी ड्यूटीवर गेलात की पहिल्या पेशंटचा श्वास पूर्ण १ मिनिट मोजा, मगच पेन उचला.