दूरध्वनीच्या जाळ्यातील संकेतांची कोंडी

दूरध्वनीवरील आवाज ज्या वाटेने जातो, तिच्याखेरीज आणखी एक जाळे प्रत्येक संभाषणासाठी राबत असते. मात्र ते कानांना जाणवत नसल्यामुळे बहुतेक ग्राहकांच्या ते गावीही नसते. कोणाला कोणाशी बोलायचे आहे, पलीकडचा फोन मोकळा आहे की व्यग्र, घंटी वाजू लागली की नाही, फोन उचलला गेला का, आणि बोलणे संपल्यावर कोणता मार्ग सोडून द्यायचा, हे सारे एका दूरध्वनी केंद्राला दुसऱ्या केंद्राला कळवावे लागते, आणि या कळवण्यालाच संकेतन किंवा सिग्नलिंग म्हणतात. पूर्वी हे संकेत आवाजाच्याच मार्गावरून सुरांच्या किंवा विद्युत्स्पंदांच्या रूपाने जात असत, त्यामुळे फोन लागो वा न लागो, तेवढा वेळ तो मार्ग अडकून पडे. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८० साली ‘संकेतन प्रणाली क्रमांक ७’ प्रमाणित केली आणि संकेतांना आवाजापासून वेगळी, संगणकांनी चालवलेली स्वतंत्र वाट मिळाली.

या वाटेवरून धावतात ते छोटे छोटे संदेश. एक साधा कॉल जोडून तो संपवायला सामान्यतः पाच संदेश पुरतात: क्रमांक कळवणारा, क्रमांक पूर्ण मिळाल्याचे सांगणारा, फोन उचलल्याचा, मार्ग सोडण्याचा आणि सुटल्याची पोच देणारा. संदेश इतके आटोपशीर असल्यामुळे सेकंदाला ६४ हजार बिट वाहून नेणारी एकच संकेतन-लिंक आवाजाच्या हजारो मार्गांची व्यवस्था पाहू शकते. ही काटकसर मोठीच आहे, पण तिच्या पोटात धोकाही तेवढाच मोठा आहे, कारण अशी एक लिंक तुटली तर आवाजाचे हजारो मार्ग धडधाकट असूनही निरुपयोगी होतात.

म्हणून या जाळ्यात कोणतीही गोष्ट एकटी ठेवलेली नसते. संदेशांची वाटणी करणारी जी केंद्रे असतात, ज्यांना सिग्नल ट्रान्सफर पॉइंट म्हणतात, ती जोडीजोडीने आणि शक्यतो वेगवेगळ्या गावी उभारली जातात, व प्रत्येक दूरध्वनी केंद्र जोडीतील दोघांशीही जोडलेले असते. उत्तर अमेरिकेतील प्रथेप्रमाणे एका लिंकवर तिच्या क्षमतेच्या सुमारे ४० टक्के इतकाच भार टाकायचा असतो. एरवी साठ टक्के क्षमता पडून राहते असे वाटेल, परंतु जोडीदार बंद पडला की त्याचा सगळा भार उरलेल्यावर येऊन तो ८० टक्क्यांवर जातो, आणि त्या क्षणी ही पडून असलेली क्षमताच जाळे वाचवते.

लिंक तुटल्यावर संदेश दुसरीकडे वळवण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. लिंकवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाला ० ते १२७ या फिरत्या मालिकेतील एक क्रमांक मिळतो आणि पोच येईपर्यंत पाठवणारे केंद्र त्याची प्रत जपून ठेवते. लिंक तुटताच दोन्ही टोके दुसऱ्या मार्गाने एकमेकांना विचारतात की शेवटचा नीट मिळालेला क्रमांक कोणता. समजा उत्तर ४१ आले, तर ४२ पासूनचे जपून ठेवलेले संदेश त्याच क्रमाने दुसऱ्या लिंकवर चढवले जातात. अशा रीतीने संदेश हरवत नाही, दोनदा जात नाही आणि बोलणाऱ्यांना काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. याहून नाजूक प्रसंग येतो तो मूळ मार्ग दुरुस्त होऊन परत मिळाल्यावर. तेव्हा घाईने संदेश जुन्या वाटेवर टाकले, तर लांबच्या पर्यायी वाटेवर अजून चालत असलेल्या आधीच्या संदेशांना ते मागे टाकतील, आणि फोन क्रमांकाचे उरलेले आकडे पहिल्या आकड्यांच्या आधी पोहोचून तो कॉल वाया जाईल. म्हणून पाठवणारे केंद्र नवे संदेश अर्धा ते सुमारे सव्वा सेकंद रोखून धरते, जुने पोहोचले असतील असे मानते आणि मगच पूर्वीचा मार्ग धरते. याला नियंत्रित मार्गांतर म्हणतात. आणीबाणीच्या यंत्रणेत मुद्दाम थांबण्याची तरतूद असावी, ही या प्रणालीच्या रचनाकारांची सूक्ष्म दृष्टी मानली पाहिजे.

मार्ग वळवणे हा मात्र अर्धाच इलाज असतो, कारण वाट तुटलेली नसून नुसती तुंबलेली असेल तर संदेश वळवल्याने ओझे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. अशा वेळी ओझे उगमापाशी कमी करावे लागते. लिंकवर खोळंबलेल्या संदेशांची रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मधले केंद्र उगमाच्या केंद्राला नियंत्रणाचा संदेश धाडते आणि ते केंद्र नवे कॉल पायरीपायरीने कमी करते. कोंडी सुरू झाली असे मानण्याची मर्यादा उंच आणि ती सुटली असे मानण्याची मर्यादा त्याहून खाली ठेवलेली असते, नाहीतर केंद्र दर क्षणाला ‘चालू द्या’ आणि ‘थांबा’ असे आलटून पालटून सांगत बसेल. अमेरिकेतील पद्धतीत संदेशांना अग्रक्रमही दिलेला असतो. प्रथम नव्या कॉलची मागणी नाकारली जाते, मार्ग मोकळा करणाऱ्या संदेशाला त्यापेक्षा वरचे स्थान असते, आणि जाळ्याच्या व्यवस्थापनाचे संदेश सर्वांत वर असतात. जे काम पुरे होण्याची शक्यता नाही ते सुरूच न होऊ देणे, हे अतिभाराच्या नियंत्रणाचे मर्म आहे. कारण अर्धवट झालेला प्रत्येक कॉल यंत्राचा वेळ खातो आणि पदरात काहीच टाकत नाही.

हे सारे नियम ठाऊक असूनही सोमवार, १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकी कंपनीचे दूर पल्ल्याचे जाळे कोसळले, आणि ती घटना या शास्त्रातील सर्वांत बोधक घटना ठरली. दुपारी अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला; नियमाप्रमाणे त्या केंद्राने आपण नवे कॉल घेत नसल्याचे शेजाऱ्यांना कळवले, स्वतःला चार-सहा सेकंदांत सावरले आणि काम पुन्हा सुरू केले. आदल्या महिन्यात, डिसेंबर १९८९ मध्ये, कंपनीच्या ११४ केंद्रांत नवे सॉफ्टवेअर बसवले गेले होते. त्यानुसार सावरलेल्या केंद्राकडून पहिला कॉल-संदेश येताच शेजारचे केंद्र त्याची नोंद बदलू लागे, आणि ती नोंद चालू असताना, म्हणजे सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात, दुसरा संदेश येऊन थडकला तर शेजारच्या केंद्राचा विदा बिघडत असे. सी या संगणकभाषेतील ‘ब्रेक’ हे एक विधान चुकीच्या जागी पडल्याचा तो परिणाम होता. बिघडलेले केंद्र मग स्वतःला सावरण्यासाठी बाजूला होई, परत येई, आणि परत येताना आपल्या शेजाऱ्यांना तोच धक्का देई. सर्व ११४ केंद्रांत एकच सॉफ्टवेअर असल्याने एकही केंद्र या दोषापासून मुक्त नव्हते. सुमारे नऊ तास कंपनीचे जवळजवळ निम्मे कॉल लागले नाहीत. अखेर अभियंत्यांनी संकेतनजाळ्यावरील संदेशांचा भार कमी केला, तेव्हा लागोपाठच्या दोन संदेशांत अंतर पडले आणि केंद्रे शांत झाली.

पुढच्याच वर्षी, २६ जून १९९१ रोजी, वॉशिंग्टन, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या भागांत आणि त्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्येही फोन ठप्प झाले. या वेळी दोष सिग्नल ट्रान्सफर पॉइंटमध्ये होता: छोटासा बिघाड झाल्यावर कोंडीची सूचना देणाऱ्या संदेशांचाच इतका पूर आला की ते केंद्र त्याखाली दबून गेले. लक्षावधी ओळींच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेला बदल अगदी थोडा, म्हणून त्याची पूर्ण चाचणी घेण्यात आली नव्हती. हा निर्णय अक्षम्य होता. कोंडी आवरणारा भाग रोजच्या कामात क्वचितच चालत असल्यामुळे त्यातील दोष नेमका संकटातच उघडा पडतो, आणि म्हणूनच त्या भागाची परीक्षा इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक कठोर असावयास हवी.

दोन्ही घटनांत बचावाची यंत्रणाच नाशाचे साधन झाली. आवाजाचे मार्ग शाबूत होते, तारा शाबूत होत्या, आणि ‘मी सावरलो’ किंवा ‘मी तुंबलो’ हे सांगणाऱ्या संदेशांनीच जाळे खाली ओढले. तंत्र बदलले तरी हे दुखणे गेलेले नाही. २ जुलै २०२२ रोजी जपानमधील केडीडीआय या कंपनीत राउटरच्या नेहमीच्या देखभालीत चूक होऊन आवाजाची सेवा काही मिनिटे खंडित झाली. तेवढ्यात तुटलेले मोबाइल संच सेवा परत येताच एकाच वेळी नव्याने नोंदणी मागू लागले, नोंदणी करणारी यंत्रे तुंबली, ग्राहकांच्या नोंदी परस्परांशी जुळेनात, आणि काही मिनिटांच्या त्या खंडाचे पर्यवसान ६० तासांहून अधिक काळच्या बिघाडात झाले.

यंत्रांप्रमाणे माणसेही हेच करतात. फोन लागला नाही की हात आपोआप पुन्हा तोच क्रमांक लावतो, आणि अतिभाराच्या काळात अशा पुनःप्रयत्नांमुळे मूळ मागणी कित्येक पटींनी फुगते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा आपले माणूस सुखरूप आहे का हे जाणण्यासाठी शहरातील असंख्य लोक एकाच वेळी फोन लावू लागले आणि मोबाइल लागणे दुरापास्त झाले. त्या धास्तीला दोष देता येत नाही. तरीही अशा प्रसंगी प्रत्येक पुनःप्रयत्न रुग्णवाहिकेला किंवा पोलिसांना बोलावू पाहणाऱ्याच्या वाटेत एक संदेश अधिक उभा करतो, म्हणून श्रोत्यांनी एकदा फोन लावून पाहावा, तो न लागल्यास आपण सुखरूप असल्याचा एक लेखी संदेश घरी पाठवावा, आणि पुढचा प्रयत्न करण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे.