टाचांकडे कोण पाहणार?

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाचलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चार भिंतींत वावरणारी बाई. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. चालकबाईंनी विषय दिला, ‘थंडीत कातडीची निगा’. मी म्हटले, तोंडाला काय लावावे हे आपल्या सुनांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी आपली टाचांबद्दल बोलेन.

धुळ्याची थंडी तुम्हांला मी काय सांगावी! आपल्या कृषि महाविद्यालयात पारा नोंदतात, तो एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही. हातावर नखाने रेघ ओढली की पाटीवर ओढल्यासारखी पांढरी उमटते. या दिवसांत हवेत ओलावा नसतो, ती आपल्या अंगातला ओढून घेते. कातडीवर देवाने दिलेला तेलकटपणा असतो, तो हा ओलावा धरून ठेवतो. आणि तोच आपण कढत पाण्याने नि साबणाने धुऊन टाकतो. वर शेगडीशी पाय लांब करून बसतो. मग टाचा उलणार नाहीत तर काय?

दिवाळीची पहिली आंघोळ आठवा. मुलांना तेल, मालकांना तेल, सासऱ्यांना तेल. आपली पाळी येते तेव्हा वाटीत बोट पुसण्यापुरते उरते. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची तर बोटेही वाळक्या बोंडांनी ओरबाडून निघतात, आणि घरी आल्यावर त्याच हातांनी भांड्यांची पावडर नि कपड्यांचा सोडा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. त्यांना मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी टाचेला खोल भेग पडली. आमच्या घरी जुनी रीत आहे, आमसुलाचे तेल पळीत तापवायचे आणि भेगेत सोडायचे. तसे मीच सोडले. ‘चटका बसतो का?’ असे विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘काही नाही गं, छान वाटते.’ मला आनंद झाला. खरे म्हणजे तिथेच घाबरायला हवे होते. साखरेने त्यांच्या पायाची जाणीवच गेली होती. फोड आला, तो फुटला, त्यात पू झाला. घरात लग्न होते म्हणून आम्ही पंधरा दिवस हळद लावून झाकून ठेवले. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा पायाचे एक बोट काढावे लागले. दोन महिने त्या अंथरुणावर होत्या. दोष कोणाला देऊ? पळी माझ्याच हातात होती.

आमसुलाचे तेल वाईट नाही, हेही सांगते. ते गोळ्यासारखे घट्ट असते, अंगाच्या उबेने सहज वितळत नाही. म्हणून थोडे पातळ करावे, आणि कोमट झाल्यावर आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, टिपावेत, आणि ओलसर असतानाच ते तेल किंवा व्हॅसलीन चोपडून सुती मोजे घालावेत. ओल्या अंगावर लावणे हेच मुख्य. कोरड्या टाचेवर कितीही चोळा, उपयोग थोडा. वजरीने हलके घासले तर चालते. पण ब्लेडने कातडी कापू नये, माझ्या एका शेजारणीला तशी खोड आहे आणि ती आता माझ्याकडे रागाने बघते आहे!

आंघोळीचेही तेच. पाणी कोमट, साबण काखेला नि पायांना, बाकी अंगाला रोज नको. अंग टिपले की लगेच तेल, मग ते खोबरेल असो की तिळाचे.

ज्यांना साखर आहे त्यांनी मात्र वजरी, शेक, तापलेले तेल यांपासून दूरच राहावे. बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नये, तिथे ओल राहून चिघळते. रोज रात्री तळवा आरशात पाहावा, नजर अधू असेल तर नातवाला पाहायला सांगावे. भेगेतून रक्त किंवा पाणी आले, पाय लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. लग्न असले तरी.

आणि साखर आहे की नाही हेच पुष्कळजणींना ठाऊक नसते. जाऊबाईंनाही त्याआधी दोनच वर्षे कळले होते. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आम्ही चौघी येत्या सोमवारी सकाळी जाणार आहोत. यायचे असेल त्यांनी चालकबाईंकडे नाव द्यावे. तिळगुळाच्या ताटाशेजारी आमसुलाच्या तेलाचे तुकडे कागदात बांधून ठेवले आहेत, जाताना एकेक न्या.