चंद्रावरील ससा आणि जपानी मोची

चंद्रावरील डागांत सशाची आकृति पाहून भारतीयांनीं चंद्राला शशांक असें नांव दिलें. जपानी मुलेंहि त्या डागांत ससाच पाहतात. मात्र त्यांचा ससा हातांत मोगरी घेऊन उखळांत भात कांडीत असतो. चंद्रावरील सशाची ही कथा जातककथांतली. बौद्ध धर्माबरोबर ती पूर्वेकडे गेली. तो ससा भात कांडून जो पदार्थ करितो, त्यालाच जपानांत मोची म्हणतात.

मूळची मोची पिठाची नव्हे, शिजविलेल्या भाताची. तिला मोचीगोमे नांवाचा तांदूळ लागतो. साध्या तांदुळाच्या पिष्टांत अमायलोज व अमायलोपेक्टिन अशीं दोन द्रव्यें असतात. मोचीगोमेंत पहिलें जवळजवळ नसतेंच. म्हणून तो शिजल्यावर विलक्षण चिकट होतो. हा तांदूळ रात्रभर भिजवून वाफेवर शिजवितात आणि लांकडी किंवा दगडी उखळांत घालतात. एकजण मोगरीनें घाव घालतो. दुसरा दोन घावांमधल्या क्षणीं ओल्या हातानें गोळा परततो. ताल चुकला कीं हात ठेचलाच! वर्षअखेरीस शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून हें काम करण्याची जुनी रीत आहे. आतां पुष्कळ घरीं यंत्रावर केलेली किंवा विकतचीच मोची येते.

जपानांत सौर पंचांग १८७३ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून १ जानेवारी हा तेथील नववर्षदिन. त्यासाठीं मोचीच्या दोन गोल लाद्या एकावर एक ठेवून वर दाइदाइ नांवाचें नारिंग मांडतात. दाइदाइ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘पिढ्यान् पिढ्या’. ही कागामी मोची. पुष्कळ ठिकाणीं ती ११ जानेवारीस फोडून खातात. तिला सुरी लावणें अशुभ, म्हणून हातानें किंवा हातोडीनेंच फोडावयाची.

नववर्षाच्या झोनि नांवाच्या सारांतहि मोची हवीच. तोक्योकडे ती चौकोनी, भाजलेली, निवळ सारांत. क्योतोकडे गोल, आंबविलेल्या सोयाबीनच्या पांढऱ्या मिसोंत. कागावा प्रांतीं तर गोड पुरणाची मोची त्या खारट मिसोंत घालतात!

मग ऋतुपरत्वें प्रकार बदलतात. ३ मार्चला, मुलींच्या सणाला, तिरंगी हिशी मोची. वसंतांत चेरीच्या खारविलेल्या पानांत गुंडाळलेली साकुरा मोची; ओसाकाकडे ती भरडलेल्या चिकट तांदुळाची, तर तोक्योकडे गव्हाच्या पिठाच्या पातळ धिरड्याची. ५ मेची काशिवा मोची साध्या तांदुळाच्या पिठाची, ओकवृक्षाच्या पानांतली. नवी पालवी फुटेपर्यंत या वृक्षाचें जुनें पान गळत नाहीं; म्हणून तें वंशसातत्याचें चिन्ह. वाराबी मोची मात्र नांवाचीच मोची. ती एका नेच्याच्या मुळांतील सत्त्वाची करितात, तिच्यांत तांदूळ नसतो.

परंतु जो चिकटपणा मोचीचा गुण, तोच तिचा धोकाहि आहे. वार्धक्यांत दांत व गिळण्याची शक्ति क्षीण होते, आणि दर नववर्षीं कांहीं वृद्ध घशांत मोची अडकून प्राणास मुकतात. तोक्योचें अग्निशमन खातें प्रतिवर्षीं बजावतें: मोचीचे लहान तुकडे करा, आधीं चहानें किंवा सारानें घसा ओला करा, सावकाश चावा, आणि वृद्ध जेवत असतां त्यांच्याजवळ कोणीतरी असूं द्या.

तरीहि वृद्ध मंडळी मोची सोडीत नाहींत. दीर्घायुष्य चिंतणारा तो घास नाकारावा कसा? देवापुढील मोचीला सुरी लावणें अशुभ खरें. पण आजोबांच्या वाडग्यांतील मोचीला ती लावणें हेंच शुभ.