सणाचे पान

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



परमुलखात गेलेला माणूस आपले कुलाचार आणि सणाचे पान कसे जपतो, हा आजचा विषय. तो निवडण्यास एक घरगुती निमित्त घडले. गेल्या चतुर्थीला कॅनडातून मुलीचा दूरध्वनी आला. "बाबा, आजीच्या खतखत्यात कंद कोणकोणते असत? आणि तिरफळे किती?" इतकी वर्षे मराठी शिकवणारा मी निरुत्तर झालो. आई गेली, तिच्याबरोबर तिच्या हातचे प्रमाणही गेले.

आमचे मूळ घर जुन्या सुप्यातले. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. परमुलूख समुद्रापलीकडेच असतो असे नाही, हे मला तेव्हा उमगले. तिथल्या पहिल्या चतुर्थीला माटोळीसाठी लागणारी रानफळे कोणत्या वाटेला मिळतात, हेही ठाऊक नव्हते. परसात हळद नव्हती, म्हणून आईने पातोळ्या केळीच्या पानात केल्या. देवाने त्या गोड मानून घेतल्या. आम्ही मुलांनी मात्र कुरकुर केली. पुढल्या पावसाळ्यात, घराचा गिलावा होण्यापूर्वीच, तिने हळदीचे गड्डे लावले.

या जिद्दीचा मोठा दाखला कोकणातील बेने इस्रायल समाजाचा. तेलाचा घाणा आणि शनिवारची विश्रांती यांमुळे पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. द्राक्षमद्य मिळेना, तेव्हा त्यांनी भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली. मांसाबरोबर दूध निषिद्ध, तेव्हा नारळाच्या रसाने काम भागवले. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला, आणि आता कोकण हाच त्यांचा मागे राहिलेला मुलूख झाला. तेथेही ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि भोवती फळे. कोकणच्या मातीतले हे ताट तिकडे त्यांची ओळख ठरले आहे. परंपरा नुसती जपली जात नाही. अडचणीतून ती घडवलीही जाते, असाच याचा अर्थ.

मॉरिशसची गोष्ट थोडी निराळी. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर जे हिंदी मजूर गेले, त्यांत पुढे मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज बहुधा क्रिओल बोलली जाते. तरीही गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. भाषा ओठांवरून उतरली, सण उरला. हे उदाहरण मला सुखावते तितकेच अस्वस्थ करते. शब्द गेल्यावर, हा पदार्थ आज का आणि पहिला घास कोणाला, हे कोण सांगणार?

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि असंख्य मराठी मुलींबरोबर परदेशी गेले. परंतु प्रत्येक घराचे पान एका ग्रंथात मावणे शक्य नाही. जोयड्याच्या कुणबी बांधवांनी जपलेले कंद कोणत्या सणाला कसे शिजतात, हे त्यांच्या घरच्या वृद्धांनाच विचारले पाहिजे.

म्हणून माझी एक विनंती आहे. शताब्दीची आठवण म्हणून ग्रंथालयात एक जाड बांधणीची वही ठेवावी. प्रत्येक सभासदाने आपल्या घरचा एक सणाचा पदार्थ तीत प्रमाणासह लिहावा, आणि तो कधी, कोणासाठी होतो तेही लिहावे. मुले दूर देशी असतील, तर त्यांनी तेथे काय बदलले तेही नोंदवावे. केळीच्या पानातली पातोळीही त्या वहीत हवी.

पहिले पान मी लिहायला घेतले आहे. खतखत्याच्या प्रमाणाची जागा तूर्त कोरी आहे. रामनगरला मावशी अद्याप आहे. येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.